राजाला झोप येईना

अब्बांची कापूस पिंजायची धनुकली खिळ्यावरून खाली उतरली, की गल्लीने समजायचं, या घरात लेकीचं लग्न निघालं. एरवी तिच्यावर धूळ बसो, कोळी जाळं विणो, कुणी हात लावायचा नाही. कारखान्यात कापूस पिंजायचं मशीन आल्यापासून तर तिला काही कामच उरलं नव्हतं. पण मशीनने कितीही गाद्या पिंजल्या, तरी लेकीच्या गादीत जाणारी जुनी मूठ मात्र धनुकलीच्या तातेवरच, म्हणजे तिच्या ताणलेल्या दोरीवरच पिंजायची, हा अब्बांचा नेम. जुनी मूठ म्हणजे घरातल्या सगळ्यात जुन्या गादीतला मूठभर कापूस. नव्या दुधाला विरजण लावावं तसा तो नव्या कापसात मिसळायचा. अब्बा म्हणायचे, नाव मुलाच्या हातून पुढे जातं आणि मूठ मुलीच्या. दोन्ही जपा.

थोरल्यांनी, अब्बांच्या मोठ्या मुलाने, धनुकली काढली ती डाव्या हाताने. उजवा हात गेल्या थंडीपासून खांद्याच्या वर जात नव्हता. बायकोला ते ठाऊक होतं, पण तिनेही चारचौघांत तोंड उघडलं नाही. थोरल्यांनी धोतराच्या जुन्या फडक्याने दांडा पुसला, तात ओढून पाहिली. तात अजून जिवंत होती. बोट लागताच हुंकारली.

"झोपमोड केलीस बघ तिची," आपा म्हणाल्या.

आपा म्हणजे थोरल्यांची मोठी बहीण, या घरची आता सगळ्यात जुनी व्यक्ती. सकाळच्या गाडीने आल्या होत्या आणि आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता कापसाच्या गठ्ठ्यावर मांडी घालून नव्या खोळीचे कोपरे शिवायला बसल्या होत्या. दाभण हातात आलं की त्यांचे गुडघे दुखायचे थांबतात, असं त्या म्हणत. पलीकडे थोरली सून, म्हणजे थोरल्यांची बायको, जुन्या गादीची शिवण उसवत होती आणि जिचं लग्न ती त्यांची लेक पिंजू, नर्सच्या नोकरीतून दोन दिवसांची रजा काढून आलेली, नव्या कापसातला काडीकचरा वेचत होती. लहानपणी हाक मारून मारून थकावं आणि ही कापसाच्या ढिगात गाढ झोपलेली सापडावी. तेव्हापासून तिचं नाव पिंजू. ते काही सुटलं नाही.

कारखाना म्हणजे दुकानामागची लांबट खोली. सिमेंटची जमीन, वर काचेचं एक कौल, त्यातून पडणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू संथ तरंगत असायचे. दिव्याच्या वायरवर त्यांचं पांढरं लोकरीचं आवरण झालेलं. मागचं दार थेट बोळात उघडायचं आणि घरची माणसं त्याच दाराने ये-जा करायची. पुढच्या दुकानातून यायचं ते फक्त गिऱ्हाइकाने. आणि धाकट्याने.

धाकटा नेहमी वळसा घालून, दुकानाच्या पायऱ्या चढून यायचा. फोमच्या गाद्यांचं मोठं दुकान काढल्यापासून तर हमखास. थोरल्यांना वाटायचं, भाऊ मोठा झाला, त्याला आता बोळ अरुंद होतो.

आजही तो पुढूनच आला. मागे त्याची बायको, हातात फळांची पिशवी. धाकट्याने बूट काढले, आपांच्या पाया पडायला वाकला, आपांनी दाभण बाजूला धरून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"केस काळे कुठून आणलेस रे? गेल्या वेळी पांढरे होते."

"आपा, तू आल्या आल्या..."

"बरं, नाही विचारत. बस. गठ्ठ्यावर बस. तुझ्या दुकानातल्यासारखं उसळणार नाही, घाबरू नकोस."

सगळे हसले. धाकटाही हसला. मग खिशातून त्याने पत्रिकेचा नमुना काढला आणि थोरल्यांपुढे धरला. "छापखानेवाला खोळंबलाय. दुपारी मशीनवर चढवायची म्हणतो. एकदा नजर टाक."

थोरल्यांनी चष्मा लावला. कागद सुरेख होता. लेकीच्या नावावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. खाली निमंत्रक म्हणून दोघा भावांची नावं आणि त्यापुढे, जिथे आडनाव यायचं तिथे, नुसती टिंबं.

"ही मुंग्यांची रांग कसली?"

धाकट्याने घसा साफ केला. "तिथलं काय ते आज ठरवू, म्हणून सोडायला सांगितलं मी."

"आडनाव ठरवायचं असतं होय?"

"दादा, ऐकून तर घे. मी माझ्या घरापुरतं बदलायचं ठरवलंय. अर्ज लिहून ठेवलाय, सही तेवढी बाकी आहे. पण एका पत्रिकेवर दोन भावांची दोन आडनावं आली, तर लोक म्हणतील घर फुटलं. म्हणून म्हणतो, दोघं मिळून बदलू. याच पत्रिकेपासून."

कात्रीचा आवाज थांबला. थोरल्या सुनेने मान वर केली नाही, पण उसवायचीही थांबली. बोळातून कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

थोरल्यांनी पत्रिका गुडघ्यावर ठेवली. त्यांना एकच लेक. ती तर निघाली. मुलगे होते ते धाकट्याला. म्हणजे धाकट्याने सही केली, की अब्बांचं नाव या घरात थोरल्यांच्या शेवटच्या श्वासापर्यंतच. पुढे कबरीवरचा दगड आणि त्या दगडावरची अक्षरं. बस. हे त्यांच्या मनात उघडपणे कधी आलं नव्हतं. आता आलं आणि गेलं नाही.

"का पण?" ते एवढंच म्हणाले.

धाकटा सांगू लागला. मोठ्या मुलासाठी एक स्थळ आलं होतं. चांगलं घर, शिकलेली माणसं. बैठकीत मुलीच्या मामांनी आडनाव ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "नदाफ म्हणजे ते, खांद्यावर वाद्य घेऊन गल्लोगल्ली फिरायचे ते?"

"वाद्य!" पिंजूला हसू आवरेना.

"तू काय म्हणालास?" थोरल्यांनी विचारलं.

धाकट्याने पायाशी पडलेला कापसाचा पुंजका उचलला, बोटांनी ओढून लांब केला. "म्हणालो, ते दुसरे."

ते दुसरे. थोरल्यांनी हे शब्द ऐकले आणि उठून जुन्या गादीपाशी गेले. बायकोच्या हातातून कात्री घेतली आणि स्वतःच शिवण उसवू लागले. राग आला की त्यांच्या हाताला काम लागायचं, आणि हाताला काम लागलं की तोंडाला गाणं. अब्बांचं गाणं. तातेच्या ठोक्यावर म्हणायचं, म्हणून प्रत्येक ओळ जिथल्या तिथे थांबणारं.

सोन्याचा पलंग, रुप्याची उशी,
निजेविना रात राजा काढशील कशी?
हाक दे गल्लीत, मान सोड राजा,
नदाफ येईल, उघड दरवाजा.

ही गोष्ट या घरात दूधपाण्यासारखी होती. कुठल्याशा राजाला झोप येईना. हकीम झाले, गवई झाले, सगळे थकले. शेवटी या घराचा मूळपुरुष धनुकली घेऊन गेला, राजाची गादी फोडली, कापूस असा पिंजला की ढग झाला, आणि राजा तीन दिवस झोपला. जागा झाल्यावर त्याने भरदरबारात किताब दिला, आजपासून तू नदाफ, तुझी मुलंबाळं नदाफ. अब्बा ही गोष्ट अशी रंगवून सांगत, गात, मध्येच थांबून श्रोत्यांकडे बघत, की शेजारपाजारची माणसं आपापली कामं घेऊन या खोलीत येऊन बसायची. शेवटी अब्बा तातेवर तळवा ठेवून तिला गप्प करायचे आणि म्हणायचे, बाबांनो, अंथरूण आपण घालतो, झोप तोच देतो. राजालाही मागूनच घ्यावी लागते.

"राजाने दिलेलं नाव आहे," थोरले पाठमोरेच म्हणाले. "ते कुणा मामाने कप खाली ठेवला म्हणून टाकायचं?"

धाकटा याचीच वाट बघत होता. "तेच म्हणतो मी! राजाचा किताब ना? मग लोकांना तो दिसू दे. आडनाव 'शाही' घेऊ. गोष्ट तीच, नाव तेच म्हण ना, फक्त जरा झटकून ठेवलेलं."

"ऐकायला भारदस्त आहे," धाकट्याची बायको म्हणाली. "दुकानाच्या पाटीवर शोभेल."

थोरल्यांनी आधारासाठी आपल्या बायकोकडे पाहिलं. तिने पदराने कपाळावरचे तंतू टिपले. "मला विचाराल तर," ती हळूच म्हणाली, "भाऊजींचं अगदीच चुकतंय असं नाही. पिंजूच्या सासरीही चार माणसं विचारणार. नाव काय, धुतलं की उजळतं."

"तूसुद्धा?"

"मी लेकीची आई आहे. मला सगळीकडचं बघावं लागतं."

थोरल्यांना वाटलं, आपल्याच घरात आपण पाहुणे झालो. मोठी आशा होती ती आपांची. आपा मात्र दाभण ओढत होत्या, गाठ मारत होत्या, दोरा दाताने तोडत होत्या.

"आपा, तू बोल काहीतरी. अब्बांची गोष्ट तू माझ्याआधी ऐकलीस."

"ऐकली," आपा म्हणाल्या. "आणखी तीन ऐकल्या."

"म्हणजे?"

आपांनी दाभण खोळीत टोचून ठेवलं. "मी हजला गेले होते तेव्हाची गोष्ट. तंबूत माझ्या शेजारी एक बाई होती. कुठली कोण, तिची भाषा मला येईना, माझी तिला. आमचा सगळा संसार खुणांवर. पाणी हवं, अंगठा तोंडाला. पाय दुखतात, हात गुडघ्याला. दोघींच्या मनगटाला नावाची पट्टी. माझ्या पट्टीवर अब्बांचं आडनाव. एके दिवशी आमचा वाट दाखवणारा आला, माझी पट्टी वाचली, तिची वाचली आणि म्हणाला, तुम्ही दोघी बहिणी का? तिचंही नदाफ. जरा जोर देऊन म्हणायची ती, पण तेच."

"असेल एखादी," थोरले म्हणाले.

"मलाही पटेना. मी म्हटलं, बघू तरी. डावा हात असा पुढे धरला." आपांनी डावा हात लांबवला, मूठ वळली. "उजव्या हाताने मारलं. म्हटलं, ठंग्. अरे, ती बाई अशी उठली! मांडीवर थाप मारली, तिनेही डावा हात लांबवला आणि म्हणाली, दुंग्. त्यांच्याकडे दुंग् वाजतं. तिची तात जाड असणार. मग काय विचारता, गळ्यात गळा. शेजारच्या तंबूतून तिसरी आली, ती वाळवंटातली. चौथी आली, ती बर्फातली, गोरीपान, गाल लाल. चौघी नदाफ. चौघींचे हात असे."

आता धाकटाही गठ्ठ्यावरून पुढे सरकला होता.

"संध्याकाळी नमाजानंतर बसलो. वाट दाखवणारा मध्ये दुभाष्या. मला काय राहवतंय, मी अब्बांची गोष्ट सांगितली. सोन्याचा पलंग, तीन दिवसांची झोप, सगळी. सांगून झाल्यावर बघते तर तिघी एकमेकींकडे बघून गालात हसतायत. पहिली म्हणाली, हा तर आमचा सुलतान! फक्त आमचा दोन दिवस झोपला. बर्फातली म्हणाली, राजा नव्हता, राणी होती, तान्हं बाळ रात्रभर रडायचं. बाळासाठी गादी केली, बाळ झोपलं, मग राणी झोपली. आणि वाळवंटातली म्हणाली, तुमचं सगळं खोटं, तो होता न्यायाधीश. चुकीचा निवाडा दिला होता, म्हणून झोप नव्हती. आमच्या माणसाने गादी पिंजता पिंजता त्याला दोन शब्द सुनावले, त्याने सकाळी निवाडा फिरवला आणि मग झोपला. बक्षीस म्हणून बकरी मिळाली."

"आणि आडनाव?" पिंजूने विचारलं.

"बकरीच. आडनावाचं कुणी काढलंच नाही. आणि बरं का, चौघी आपापल्या जागी ठाम. खरे नदाफ आम्हीच. मीही भांडले. चौघी भांडलो, चौघी जेवलो, चौघी एका रांगेत झोपलो."

थोरल्या सुनेने तोंडाला पदर लावला होता. धाकट्याची बायको तर मोकळेपणाने हसली आणि हसता हसता नवऱ्याकडे वळली. "अहो, म्हणजे आपण 'शाही' कशाचे? बकरीवाल्यांनीही तेच म्हणायचं का?"

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यावर राहिलं.

थोरल्यांना मात्र हसू आलं नाही. गादीचा एकच टाका ओढावा आणि शिवणीची शिवण सरकन सुटावी, तसं काहीसं आत झालं. जन्मभर ते ही गोष्ट गात आले होते. पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना, मांडीवर पिंजूला. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू गात असायचास. गाणाऱ्याला मध्ये अडवू नये, असं अब्बा म्हणायचे."

"म्हणजे अब्बा खोटं सांगत होते."

"अब्बा खोटं सांगत नव्हते, तू नीट ऐकत नव्हतास." आपांनी पुन्हा दाभण उचललं. "गाण्यात काय आहे? हाक दे गल्लीत. नदाफ येईल. राजाने हाक मारली तेव्हा नाव होतंच की. किताब-बिताब आपण मागून चिकटवला, खोळीला झालर लावावी तसा. अरे, एकट्या राजाने नाव दिलं असतं तर ते एकाच गावात राहिलं असतं. बर्फात आणि वाळवंटात कोण पोचवणार?"

"आमच्या हॉस्पिटलात एक डॉक्टर नदाफ आहेत," पिंजू म्हणाली. "बँकेत एक बाई आहेत. कॉलेजात एक मास्तर होते. सगळे विचारतात, तुमचे कोण? मी म्हणते, कुणी नाही. रक्ताचं नातं एकाशीही नाही."

"नसणारच. जिथे माणूस कापसावर पाठ टेकतो तिथे कापूस पिंजणारा लागतो. त्याला लोक नाव काय देणार? काम हेच नाव. प्रत्येक गल्लीने आपापला नदाफ आपणच नेमला. राजाने दिलेलं राजा परत घेईल. गल्लीने दिलेलं कोण परत घेतो?"

 धाकटा बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली होता, आणि म्हणून सगळ्यांना ऐकू गेला.

"गल्लीनेच दिलंय, आपा. म्हणून तर नकोय मला."

त्याने हातातला पुंजका खाली टाकला.

"दादा दुकानात बसायचा. धनुकली खांद्यावर घेऊन दारोदार मी जायचो. आठवतंय ना? कुत्री भुंकायची त्या दांड्याला. पोरं मागे लागायची, ठंग् ठंग् करत. त्या मोठ्या बंगल्यात गेलो होतो, उन्हाळा होता. पुढच्या दाराशी उभा राहिलो, तर आतून बाई म्हणाल्या, अगं, नदाफ आलाय, त्याला मागून घे. नाव विचारलं नाही. अब्बांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं मला. मागे राखेचा ढीग होता, भांडी घासायची जागा होती. तिथे बसून दिवसभर पिंजलं. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरात मागच्या दाराने जात नाही. आपल्यासुद्धा."

थोरल्यांनी कात्री खाली ठेवली. दुकानाच्या पायऱ्या, तो वळसा, ते बूट काढणं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून नव्याने गेलं. त्यांना वाटलं होतं, भावाला बोळ अरुंद होतो.

"मलाही त्याच बंगल्यात मागूनच घेतलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या आधी."

"मग? तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. घरी येऊन अब्बांना म्हटलं, मी नाही जायचा तिथे. अब्बा म्हणाले, तू मागच्या दाराने गेलास, पण गादी?" थोरले थांबले. "गादी पुढच्या खोलीत गेली."

धाकट्याने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. अब्बा असेच बोलायचे, हे आठवून. "अब्बांना बरं होतं. त्यांच्याकडे गाणं होतं."

तेवढ्यात फोन वाजला. छापखानेवाला. धाकटा "पाचच मिनिटं" म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. थोरल्या सुनेने पत्रिका उचलून कापसापासून दूर, मशीनच्या झाकणावर ठेवली. टिंबांची ओळ तशीच.

 थोरल्यांच्या हातची गोष्ट गेली होती. भावाचं दुखणं खरं होतं आणि त्यावर त्यांच्यापाशी औषध नव्हतं. लेकीच्या पत्रिकेवरून लेकीच्या देखत ओढाताण करायची? "तुझ्या मनाप्रमाणे कर," हे शब्द त्यांच्या ओठांवर येऊन थांबले होते. ते बोलण्याआधी समोरचं काम संपवावं, म्हणून त्यांनी जुन्या गादीच्या पोटात हात घातला. कापूस दबून दबून दगड झाला होता, पिवळसर, ऊब धरलेला. त्यांनी एक मूठ काढून फडक्यावर ठेवली. पिंजूने जवळ येऊन ती हुंगली.

"आजीच्या खोलीचा वास आहे."

"माझ्याही गादीत हीच मूठ आहे," आपा म्हणाल्या. "सासरी गेले, घर बदललं, सगळं बदललं. पाठ मात्र अजून अब्बांच्या कापसावर टेकते."

थोरल्यांनी धनुकली पुढ्यात घेतली. डाव्या हाताने दांडा तोलला, तात कापसावर आणली, उजव्या हातात लाकडी ठोकळा घेतला. पहिला ठोका देण्यासाठी हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. त्यांनी पुन्हा उचलला. कपाळावर घाम आला. ठोकळा बोटांतून निसटून जमिनीवर पडला आणि घरंगळत धाकट्याच्या पायाशी जाऊन थांबला.

"बाबा?" पिंजू म्हणाली. नर्स होती ती, तिला एका नजरेत कळलं. "किती दिवस झाले खांदा असा?"

"काही नाही, गोठलाय जरा."

"गेल्या थंडीपासून," थोरली सून शेवटी बोललीच.

"मशीनमध्ये घालू या," धाकट्याची बायको म्हणाली. "एक मूठ तर आहे."

"मशीनमध्ये एक मूठ घातली तर सापडायचीही नाही," आपा म्हणाल्या. त्या धाकट्याकडे बघत नव्हत्या. खोळीचा चौथा कोपरा बघत होत्या.

धाकटा ठोकळ्याकडे पाहत होता. वापरून वापरून त्याला बोटांचे खळगे पडले होते. अब्बांच्या, दादाच्या आणि त्याच्या स्वतःच्या. "मला येणार नाही आता," तो कुणी विचारलं नसताना म्हणाला. "कितीतरी वर्षं झाली."

आपांनी चौथ्या कोपऱ्यात दाभण घातलं.

त्याने घड्याळ काढलं. बायकोच्या हाती दिलं. बाही दुमडली, एकदा, दोनदा, कोपरापर्यंत. थोरल्यांच्या समोर बसला आणि धनुकली घेतली. पहिला ठोका चुकला, तात नुसतीच खरखरली. दुसरा जोरात बसला, कापूस हललाही नाही. धाकट्याने श्वास घेतला, दांडा बोटभर वर उचलला आणि तिसरा ठोका दिला.

ठंग्.

तात कापसात शिरली आणि थरथरत वर आली. तिच्याबरोबर पाच-सहा तंतू उडाले. ठंग्. आणखी उडाले. मग हाताने डोक्याला विचारणं सोडून दिलं. खांदा, कोपर, मनगट आपापल्या जागी आपोआप जाऊन बसले. मूठ फुलू लागली. दगडाचा पुंजका झाला, पुंजक्याचा फेस. तातेचा आवाज खोलीत मावेना, मागच्या उघड्या दारातून बोळात गेला आणि दोन्हीकडच्या भिंतींवर आपटत दूर पळाला. धाकट्याच्या काळ्या केसांवर पांढरे तंतू बसत चालले, भुवया पांढऱ्या झाल्या. आपांनी शिवण थांबवून बघितलं. त्यांना वाटलं, अब्बाच बसलेत.

थोरल्यांना गायचं नव्हतं. गोष्ट तर मघाशीच फाटली होती. पण समोर ठोका पडत होता आणि ठोक्यांमधली जागा रिकामी राहत होती. ती त्यांना बघवेना. ते अगदी हळू म्हणू लागले. सोन्याचा पलंग, रुप्याची उशी. राजा कुठला, सुलतान की राणी की निवाडा चुकलेला न्यायाधीश, हे आता त्यांना ठाऊक नव्हतं. कुणीही असो. बिचाऱ्याला झोप येत नव्हती, एवढं तर खरं होतं. हाक दे गल्लीत, मान सोड राजा.

तेवढ्यात बोळातून खणखणीत आवाज आला. "अहो नदाफ!"

"ओ!" धाकटा म्हणाला.

ठोका न चुकवता, मान वर न करता म्हणाला. आणि मग त्याचा हात हवेत थांबला.

 पिंजूने ओठ दाबून धरले. दाराच्या चौकटीत कोपऱ्यावरची शिंपीण येऊन उभी राहिली होती, उन्हाकडे पाठ, डोळ्यांवर हाताची सावली. तिला आतलं नीट दिसत नव्हतं.

"किती वर्षांनी हा आवाज ऐकला. म्हटलं, अब्बा परत आले की काय," ती म्हणाली. "दोन गाद्या आहेत हो माझ्या, नुसते गोटे झालेत. रात्रभर कुशी बदलते. कोण बसलंय? थोरले ना?"

"धाकटा आहे, काकू."

"तू होय? तू फोमवाला. तुला नाही जमायचं, भावाला पाठव."

आपा खुदकन हसल्या. थोरल्यांनी भावाकडे पाहिलं. भावाने ठोकळ्याकडे, मग फडक्यावरच्या त्या फुललेल्या मुठीकडे. ती आता ओंजळीत मावली नसती.

खिशातला फोन पुन्हा वाजू लागला. धाकट्याने कोपराने खिसा बायकोकडे केला. "छापखानेवाला असेल. घे. माझे हात भरलेत."

"काय सांगू त्याला?"

"सांग, टिंबं काढ. अब्बांचं आहे तेच घाल." जरा थांबून तो पुटपुटला, "दुकानाच्या पाटीचं नंतर बघू."

थोरल्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. काचांवर तंतू होते, हे खरंच होतं.

"अरे, सांगतोस ना भावाला?" दारातून शिंपिणीने पुन्हा विचारलं.

धाकट्याने दांडा सावरला. "मीच येतो, काकू," तो म्हणाला. "मागच्या बाजूने बोळातूनच येतो. दार तेवढं उघडं ठेवा."